ओआहूच्या लाटा टिपणाऱ्यांचे आभार

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर १९६८पासून नुसत्या डोळ्यांनी लाटांची उंची जोखणाऱ्या, नावंही ठाऊक नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. सनसेट बीचवर, वायमियात डोळे बारीक करून तुम्ही आकडा सांगितलात आणि तो नोंदीत उतरला. तुमचं माप मात्र भलतंच विनयी! तुम्ही म्हणायचं १५ फूट, आणि समोरून भिंत यायची जवळपास ३० फुटांची. हे उमगेपर्यंत माझे दोन तक्ते वाया गेले. पण तुम्ही माप बदललं नाहीत, म्हणून तर पुढे खोल पाण्यातल्या तरंगत्या यंत्रांशी या नोंदी ताडून पाहता आल्या. ऐन नाताळातही किनाऱ्यावर गेलेल्यांना जरा जास्तच धन्यवाद.