होडीच्या तारा ओळखून देणाऱ्या काकांना अनावृत पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि काकू चहाचं आधण ठेवायला उठतात. म्हणून हे पत्र, आणि तेही अनावृत. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवणारी आमच्या ओळखीची मंडळी अजून विचारतात, "तुमच्या होडीचं वायरिंग कुणी केलं?" याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. नवं वायरिंग फारसं झालेलंच नाही. जे होतं ते कुठून निघतं आणि कुठे पोचतं, हे तुम्ही शोधून दिलंत. पुढचं काम कुणालाही जमलं असतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमची होडी शिडाची, फायबरची, सव्वीस फुटी, 1980च्या दशकात बांधलेली. आम्ही तिघांनी मिळून ती जुनीच घेतली. ऑक्टोबर ते मे ती गेटवेसमोरच्या पाण्यात असते. पावसाळा तोंडावर आला की वर ओढायची, डोलकाठी उतरवायची आणि ताडपत्री टाकायची. विजेचं सगळं काम बारा व्होल्टचं: दिवे, तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, खोली सांगणारं यंत्र, वायरलेस आणि छोट्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर. पॅनेलवर बटणांच्या दोन रांगा आणि खाली नावं कोरलेली. 'अँकर लाइट' (होडी नांगरलेली असताना लावायचा दिवा) दाबलं की केबिनमधला पंखा फिरायचा. पॅनेल उघडलं की मागे कित्येक मालकांच्या तारांचं जंगल. पाहायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने दोन मिनिटांत निकाल दिला की सगळं उपटून नवीन टाका. त्याचा आकडा ऐकून आमच्यातल्या एकाने होडीच विकू या म्हटलं.

तुम्ही आमच्याच इमारतीत, शेजारच्या विंगेत. आयुष्य गेलं टेलिफोनच्या केबल जोडण्यात; आधी मुंबई टेलिफोन्स, 1986 पासून एमटीएनएल. शिडाच्या होडीत तुम्ही कधी पाय ठेवला नव्हता. लिफ्टमध्ये माझं रडगाणं ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "दोन्ही टोकं दिसतात का?" मी म्हटलं, एकच दिसतं. "मग उपटायची घाई कशाला?" दुसऱ्या दिवशी चामड्याची जुनी पिशवी घेऊन तुम्ही हजर.

आल्या आल्या मीटर काढाल असं वाटलं होतं. तुम्ही बॅटरीपाशी गेलात आणि मेन स्विच बंद आहे असं मी सांगितल्यावरही पाना घेऊन निगेटिव्हचा नट सोडवायला बसलात. आधी निगेटिव्हच का, तेही समजावलंत. इंजिनाचं धूड निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून इंजिनाला टेकला तर तिथेच ठिणगी. मेन स्विचवर तुमचा भरवसा नव्हता आणि तो नसणं बरोबर होतं. नट सोडण्याआधी तुम्ही मीटर लावून दाखवलंत, स्विच बंद असतानाही एका तपकिरी तारेत साडेबारा व्होल्ट. ती बिल्ज पंपाच्या तरंगत्या स्विचची. माणूस घरी गेल्यावरही पाणी वाढलं तर पंप चालावा म्हणून ती मुद्दाम मेन स्विचला वगळून थेट बॅटरीवर घेतात. बांधणाऱ्याने ते शहाणपणाने केलं होतं, फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

रंगांचा किस्सा तर मी सगळ्यांना ऐकवतो. टेलिफोन केबलचे रंग तुम्ही एका दमात म्हणून दाखवलेत: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, आणि त्यांच्या जोडीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या, कुठल्याही केबलमध्ये त्याच क्रमाने. मग पॅनेलमागे टॉर्च मारून म्हणालात, "इथे तीन हात फिरलेत."

पहिला हात मूळ बांधणाऱ्याचा. तारेवर कथिलाचा मुलामा आणि रंग अमेरिकन होड्यांच्या पद्धतीचे: केबिनच्या दिव्यांना गडद निळा, नेव्हिगेशनच्या दिव्यांना गडद राखाडी, पंपाला तपकिरी, इंजिनाच्या इग्निशनला जांभळा, पाण्याच्या तापमानाला फिकट बदामी. निगेटिव्ह काही ठिकाणी काळी, काही ठिकाणी पिवळी. पिवळी का, ते मला नंतर कळलं. अमेरिकेत घरच्या विजेची जिवंत तार काळी असते, गोंधळ नको म्हणून तिथे बारा व्होल्टच्या निगेटिव्हला पिवळा रंग चालतो. दुसरा हात आपल्याकडच्या कुणाचा तरी. त्याने घरगुती वायरिंगची जुनी लाल-काळी वापरलेली. तिसरा अलीकडचा, त्याने तीन कोरची फ्लेक्झिबल ओढून तपकिरीला फेज आणि निळ्याला न्यूट्रल धरलेलं.

खरी गोम इथेच होती. आपल्या घरच्या फ्लेक्झिबल वायरीत निळी म्हणजे न्यूट्रल. या होडीत मूळची निळी म्हणजे केबिनच्या दिव्यांची पॉझिटिव्ह. घरचा हिशेब डोक्यात ठेवून कुणी ती निगेटिव्हच्या पट्टीवर बसवली असती आणि बटण दाबलं असतं, तर फ्यूज उडाला असता. आणि फ्यूजच्या जागी कुणी तारेचा तुकडा गुंडाळलेला असता, जसा तुम्हाला दोन ठिकाणी सापडला, तर तारच पेटली असती. इलेक्ट्रिशियनने त्या निळ्यांवर न्यूट्रल म्हणून खडूने खुणाही करून ठेवल्या होत्या. तुम्ही त्या पुसल्या नाहीत. शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंत आणि पुढे गेलात. रंग वहीत लिहायचा, पण पुरावा म्हणून मीटरच धरायचा, ही तुमची रीत.

मीटरनेही सुरुवातीला दगाच दिला. कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड असली की बीप करणाऱ्या खुणेवर, ठेवून कुठलीही तार कुठल्याही तारेला लावा, मीटर आपला बीप करतोय! मला वाटलं सगळंच शॉर्ट आहे. तुम्ही हसून म्हणालात, "आधी बल्ब काढ." साध्या बल्बची फिलामेंट थंड असताना तिचा रोध एक-दोन ओहम, फार तर थोडा जास्त, आणि तेवढ्यावर मीटर खुशाल बीप करतो. सगळ्या दिव्यांची निगेटिव्ह एकत्र, त्यामुळे एका दिव्यातून निगेटिव्हच्या पट्टीवर आणि तिथून दुसऱ्या दिव्यात असा रस्ता मिळतच राहतो. आम्ही सगळे बल्ब, सगळे फ्यूज काढून डब्यात ठेवले, पंपाचं कनेक्शन सोडलं, आणि बीपला अर्थ आला. जुन्या होडीवर मीटर घेऊन बसणाऱ्याला मी आता पहिली हीच गोष्ट सांगतो.

नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मीटरचा हात पुरणार कसा? त्यासाठी पिशवीतून लांबच लांब मऊ तारेचं रीळ निघालं, दोन्ही टोकांना क्लिप. तिचा स्वतःचा रोध आधी मोजून वहीत लिहिलात आणि प्रत्येक वेळी वजा केलात. मी तुमच्याकडे बघतच राहिलो, कारण फरक असायचा दशांश ओहमचा.

लाकडी अस्तरामागे जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे टोनर चालला. एका टोकाला लावलेली डबी तारेत सूर सोडते, हातातली कांडी तो सूर ऐकते. टेलिफोनवाल्यांचं रोजचं हत्यार. जुडग्यात मात्र सूर शेजारच्या तारांतही झिरपतो आणि चार तारा एकदम बोलू लागतात. तुमची युक्ती अशी: जिचा संशय आहे तिचं पलीकडचं टोक तिच्या जोडीदार तारेला टेकवायचं. सूर बसला तर तीच तार, चालू राहिला तर दुसरी शोधा. उजव्या बाजूच्या बाकाखाली डोकं घालून मी तार टेकवायची आणि पुढून तुमचा आवाज, "मेला! लिही!" ताडपत्रीवर पाऊस इतका वाजत होता की कांडी तुम्ही कानालाच लावून बसला होतात.

डोलकाठीच्या तारांवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलात. काठी उतरवलेली असल्याने डेकवरचा प्लग उघडा होता. मीटर म्हणत होता 12.4 व्होल्ट. मी खूश, तार चांगली आहे. तुम्ही पिशवीतून होल्डरला लावलेला गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब काढलात, प्लगला लावलात आणि मीटर 9 च्या खाली आला. रिकाम्या तारेत व्होल्टेज सगळेच दाखवतात, भार पडला की खरं काय ते समजतं. (एलईडी दिव्याला करंट इतका कमी लागतो की तो अशा तारेवरही लागतो आणि दोष झाकून टाकतो, हे मला तेव्हा कळलं.) मग तुम्ही प्लगपाशी तारेचं कवच सोललंत. आत तांबं काळं, वर हिरवी भुकटी. आणखी वीतभर सोललंत, तरी काळंच. ही मुलामा नसलेली साधी तार होती. खाऱ्या हवेत ओलावा टोकातून आत शिरतो आणि कवचाखालून पुढे सरकत जातो. अशा तारेचं टोक कापून नवा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून उपयोग नाही. "मॅनहोलमध्ये आमचं हेच चालायचं," म्हणालात. एवढी एक केबल मात्र तुम्ही स्वतःहून बदलायला लावलीत.

त्याच प्लगमध्ये दोन तारा उलट बसलेल्या निघाल्या. डोलकाठीच्या टोकाचा तीन रंगांचा दिवा शिडावर चालताना लावायचा आणि खालचा पांढरा, पुढे तोंड केलेला दिवा इंजिनावर चालताना. बटणं दाबली की बरोबर उलट. मी तुम्हाला 1972चे आंतरराष्ट्रीय नियम दाखवले: डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, प्रत्येकी 112.5 अंश, मागे पांढरा 135 अंश. तुम्ही मनात बेरीज करून म्हणालात, "तीनशे साठ. बरोबर." आणि पुढचा पांढरा 225, म्हणजे लाल आणि हिरव्याची बेरीज, हेही तुमच्याच आधी लक्षात आलं. न्हावा शेव्याकडे जाणारी कंटेनरची जहाजं, मांडव्याच्या लाँचा, मासेमारीचे ट्रॉलर, सगळे रात्री या रंगांवरूनच ठरवतात की समोरचा कुठे चालला आहे. आमच्या आधीचे मालक हे उलटे दिवे लावून किती हंगाम फिरले असतील देव जाणे.

खरेदीलाही तुम्ही बरोबर आलात. लोहार चाळीत मुलामा असलेली तार मागितली की आधी साधीच पुढे येते. तुम्ही टोक सोलून नखाने खरवडून बघायचात आणि काही न बोलता परत ठेवायचात. नागदेवीला लग आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह घेतली. मी मास्किंग टेपवर बॉलपेनने नंबर लिहायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात की मुंबईच्या दमटपणात गणपतीपर्यंतही टिकणार नाही, आणि पॅनेलवाले वापरतात ते तारेवर ओवायचे पिवळे नंबरी फेरूल घ्यायला लावलेत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. वहीत नंबर, रंग, कुठून, कुठे, फ्यूज किती अँपिअरचा.

मेलेल्या तारा तुम्ही शेवटी काढायला दिल्यात, तेही दोन्ही टोकं सापडल्यावरच. ओढताना मागे सुतळी बांधून, म्हणजे त्याच वाटेने नवी तार घालता येते. डोलकाठीची केबल आम्ही तशीच घातली. पोतंभर तार निघाली. भंगारवाल्याने काळं तांबं बघून भाव पाडला, त्यावर त्याच्याशी तुम्ही जी हुज्जत घातलीत ती होडीच्या कामापेक्षा जास्त वेळ चालली असावी.

काकूंचे आभार वेगळे. डब्यातली थालीपिठं होडीवर खाताना तुम्हाला तुमच्या वाट्याची मिळाली की नाही, याची मला शंकाच आहे.

आता कामाचं. वहीची झेरॉक्स या पत्रासोबत तुमच्याकडे देतो आहे. मूळ वही प्लास्टिकच्या पिशवीत पॅनेलखाली ठेवली आहे. दोन तारा अजून अनोळखी आहेत, पुढच्या भिंतीमागे कुठेतरी जातात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टोकांवर स्लीव्ह चढवून बांधून ठेवल्यात आणि वहीत त्यांच्यापुढची जागा कोरी सोडली आहे. तुमचा टोनर माझ्याकडेच राहिला. त्याची नऊ व्होल्टची बॅटरी नवी घातली आहे आणि कांडीची सैल झालेली क्लिप बदलली आहे. रविवारी सकाळी घरी असाल तर आणून देतो. नसाल तर काकूंकडे ठेवतो, पण मग चहा घ्यावाच लागेल.

आपला,
शेजारच्या विंगेतला होडीवाला