ड्रॉईंगवर नुसतं 'होल ८' लिहून पाठवू नका

संपादक साहेब, नमस्कार,

मी भोसरी एमआयडीसीत गेली २२ वर्षं जॉबवर्क करतोय, म्हणजे दुसऱ्यांच्या ड्रॉईंगवरून माल बनवून देतो, शीटमेटलचे पॅनल, ब्रॅकेट, मशिनच्या प्लेटा, कुणाला ४ नग पाहिजेत तर कुणाला ४००. पेपरात लेझर, सीएनसी, रोबो याबद्दल बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचतो, पण आमच्यासारख्यांचा माल सगळ्यात जास्त ज्या कारणाने परत येतो त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून आज लिहायला बसलो. ते कारण म्हणजे साधं भोक.

मागच्या दिवाळीच्या आधी एका पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, २०० कव्हर प्लेटांची ऑर्डर दिली, ३ एमएम शीट, प्रत्येकीला ६ होल, व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉईंगचा फोटो आणि त्यावर बाण काढून लिहिलेलं 'होल ८', म्हणजे ८ एमएमचं भोक, बास. आम्ही ८ चं ड्रिल लावून होल मारले, कडेला राहिलेली धारदार बर काढली, पावडर कोटिंग (पावडर भाजून चढवलेला रंगाचा थर) करून आणलं आणि माल पोचवला. चार दिवसांनी फोन, बोल्ट जात नाही म्हणून. अहो कसा जाईल, पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) असतो, तो भोकाच्या आतून सगळीकडून चढला की ८ चं होल ७.८५ च्या आसपास येतं, आणि एम ८ चा, म्हणजे ८ एमएम जाडीचा, बोल्ट मोकळा जायला मुळात ९ चं होल लागतं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण त्यात बोल्टच जाणार आहे हे ड्रॉईंगवर कुठे होतं? उद्या तिथे ८ ची पिन बसणार असती आणि मी माझ्या मनाने ९ मारलं असतं तर २०० च्या २०० प्लेटा भंगारात. माल परत आला, १२०० होल पुन्हा मारले, कडेचं कोटिंग उडालं म्हणून तेही पुन्हा केलं आणि वर पैसे आमच्याच बिलातून कापले. मी आधी फोन करून विचारायला पाहिजे होतं, ती माझी चूक मला मान्य आहे आणि तेव्हापासून विचारल्याशिवाय मशिन चालू करत नाही. पण ज्याने ड्रॉईंग काढलं त्याला तर ते माहीतच होतं ना, दोन शब्द लिहायला काय जातं?

बघा, एका '८' चे आमच्याकडे तीन वेगळे जॉब होतात. बोल्ट आरपार जाणार असेल तर ९ चं ड्रिल. एम ८ चे आटे पाडायचे असतील तर ६.८ चं ड्रिल आणि मग टॅप, म्हणजे आटे कापायचं टूल. आणि ८ ची डॉवेल पिन (दोन भाग नेमक्या जागी धरणारी गुळगुळीत पिन) बसवायची असेल तर आधी ७.८ चं ड्रिल, मग भोक नेमक्या मापाचं करणारा ८ चा रिमर, आणि एच ७ हे नेमक्या मापाचं फिट मागितलं असेल तर होल ८ च्या खाली अजिबात नको आणि वर फार तर १५ मायक्रॉन, ते बघायला व्हर्नियरची मोजपट्टी पुरत नाही, भोकात घालून बघायचं प्लग गेज लागतं. या तिघांना लागणारा वेळ वेगळा, टूल वेगळं, म्हणून रेटही वेगळा असायला पाहिजे, पण पार्टी सगळ्याला एकच भाव लावते, "एक भोक तर पाडायचंय."

आता नवीन म्हणजे लेझरवरच होल काढून द्या, ड्रिलिंगचे पैसे कशाला. बोल्ट मोकळा जायचा असेल तर खुशाल काढा, आम्हीही काढतो. पण प्लेट जाड असली की लेझरचं होल वरून खालपर्यंत एकसारखं राहत नाही, जिथून कट सुरू होतो तिथे खाच राहते, आणि कार्बन स्टीलमध्ये कड तापून पटकन थंड होते आणि कडक बनते, त्यात टॅप घातला की तुटतो. म्हणून जाड प्लेटला आटे पाडायचे असले तर आम्ही लेझरने फक्त सेंटरची खूण करून घेतो आणि होल ड्रिलनेच मारतो.

अजून एक, होलची मापं एकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळीने देतात. प्रत्येक मापाला ०.२ एमएमची सूट (टॉलरन्स) असली तर पाचव्या मापापर्यंत ती वाढत १ एमएम होऊ शकते, मग पॅनल समोरच्या फ्रेमवर कसं बसणार? सगळी मापं एकाच कडेपासून द्या, तेवढ्याने अर्धी भांडणं मिटतील.

आयटीआयची पोरं आमच्याकडे येतात, हुशार असतात, प्रोग्रॅम पटकन शिकतात, पण हाताने ड्रिलला धार लावायला सांगितली की बावरतात. ११८ अंशाचं टोक, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या पाहिजेत, एक लांब राहिली की १० चं ड्रिल १० पेक्षा मोठं भोक पाडतं आणि पोरगं मशिनला दोष देत बसतं. त्यांना धार लावणं तर शिकवाच, पण त्याआधी "ह्या भोकात काय बसणार आहे?" हे विचारायची सवय लावा.

पार्ट्यांना आणि डिझाईन करणाऱ्या मंडळींना तुमच्या पेपरमार्फत माझी हात जोडून विनंती आहे, प्रत्येक होलसमोर बोल्ट, आटे का पिन एवढं लिहा, फिट पाहिजे असेल तर टॉलरन्स लिहा, आणि माप कोटिंगच्या आधीचं का नंतरचं तेही लिहा. आणि रिमरचं काम सांगितलं असेल तर त्याचे पैसे रिमरचे द्या, ड्रिलचे नको.

आपला,
एक जॉबवर्कवाला, भोसरी, पुणे