शुक्रवार धरून या

पणजी, जुलैचा पहिला शुक्रवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सकाळी फोनवर बाबांनी "नाश्त्याला काय खाल्लंस?" विचारलं, मी "बाहेर खाल्लं" म्हटलं आणि पलीकडे जे शांत झालं, ते काही बरं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते. हॉटेलचं म्हणजे कालचं तेल आणि परवाची चटणी, हे बाबांचं मत मला पाठ आहे. तरी ऐका.

आज सुट्टी टाकून म्हापशाच्या बाजाराला गेले होते. इथून १३ किलोमीटर. कदंबाची (म्हणजे इथल्या एसटीची) शटल असते. तिकीट गाडीत चढण्याआधीच खिडकीवर काढायचं, कंडक्टर नाहीच. एसटीत उभी हयात घंटी मारलेल्या बाबांना हे पटेल की खटकेल, कोण जाणे!

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मोठा. गावागावांतून बायका भल्या पहाटे येतात, गोणपाट पसरतात आणि भाजीचे छोटे छोटे वाटे मांडून बसतात. वजनकाटा नाही, वाटा उचलायचा. हरमलची मिरची, मोयऱ्याची हातभर लांब केळी, पावसाळी पालेभाज्या. इथे "गावठी" म्हटलं की भाव वाढतो. आपल्याकडे मला शाळेत हाच शब्द चिडवायला वापरायचे.

त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत पाच-सहा बाकांचं एक हॉटेल आहे. मालक सकाळी सहालाच पिशवी घेऊन बाजारात फिरतो आणि जे मिळेल त्यावर त्या दिवसाची भाजी ठरते. पातळ भाजी नि सुकी भाजी रोजची. तिसरी काय, ते विचारायचं. मागच्या महिन्यात मी साडेदहाला पोचले, तर नुसता चहा मिळाला. बाकी सगळं संपलेलं. आज साडेसातला गेले.

"आज कितें आसा?" माझं कोकणी एवढंच.

"तायकिळो. भिकणां घालून."

आई, तायकिळो म्हणजे आपला टाकळा! भिकणां म्हणजे फणसाच्या आठळ्या. आत डोकावले, तर मालकाची बायको आदोळीवर बसून नारळ खवत होती (आदोळी म्हणजे आपली विळी-खवणीच). शेजारी उकडलेल्या आठळ्यांचं पातेलं होतं, आणि एक म्हातारी त्यांची तपकिरी सालं नखाने खरवडत होती. अगदी तुझ्यासारखी, अंगठ्याच्या बाजूने. पाला बारीक चिरलेला, कांदा, हिरवी मिरची, आठळ्यांचे तुकडे, वरून ओलं खोबरं. बास. मसाला नाही. टाकळ्याचा तो किंचित उग्र वास तसाच ठेवलेला, आणि आठळी दाताखाली पिठूळ. आपण लसूण आणि डाळ घालतो. सांगायला जिवावर येतंय, पण आठळीचं जास्त चांगलं लागतं.

सोबत पोई, म्हणजे इथला पाव. पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत आला, टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला केलं आणि वीसेक पोया माझ्यासमोर मोजून दिल्या. कोंडा लावलेली, आतून पोकळ, हातात घेतली तर अजून गरम. मी दोन खाल्ल्या. खरं म्हणजे तीन.

सगळंच गावचं असतं असं मात्र समजू नका. गोव्यात भाजीचा बराच माल बेळगावहून येतो. सुक्या भाजीतल्या बटाट्याचं विचारलं तर मालक म्हणाला, "तो घांटावेलो." घाटावरचा. म्हटलं, म्हणजे माझ्यासारखाच. तो इतका हसला की चहाचे पैसे घेतले नाहीत. मासळी विचारूच नका, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद आहे. बाबांना त्याचं दुःख नाही, आईला आहे.

बाबा, मंडईत तुम्ही मला शिकवलंत की घरून यादी घेऊन जायचं नाही, आधी एक फेरी मारायची, मग ठरवायचं. हा माणूस तेच करतो. तुमचं आणि त्याचं जमेल. तेल कुठलं ते तुम्हीच विचारा, मला लाज वाटते.

आणि आई, पहिल्या पावसानंतर तू टाकळा करायचीस, तेव्हा शेवटी तव्याला लागलेलं खरवडून, त्याच्याशी अर्धी भाकरी खायचीस. मला तेव्हा वाटायचं, तुला खरवडच आवडते. आज त्या बाकावर गरम भाजी समोर आली आणि हे आठवलं. इथे तू बसायचंस आणि दुसऱ्या कुणीतरी वाढायचं. मदतीला आत गेलीस तर मी हात धरून बाहेर आणीन. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. हॉटेलला पायरी एकच आहे, मी बघून ठेवली आहे.

श्रावण लागला की टाकळा जून होतो. त्याआधी या, आणि शुक्रवार धरून या. तिकिटं मी काढते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, छत्री मोठी आणा. इथला पाऊस आडवा येतो.