पाणवेलीतला फॉस्फरस

संपादक साहेब,
मुलगी अकरावीला आहे, दिवसभर डीएनए, एटीपी असले पेशीतले रेणू पाठ करत असते. परवा दसकच्या घाटावर गेलो तर गोदावरीत पाणी दिसेचना, नुसत्या पाणवेली, म्हटलं हा बघ तुझा फॉस्फरस. डीएनएत लागतो तोच, सांडपाण्यातनं नदीत येतो, त्यावर या फोफावतात, खाली ऊन पोचत नाही, मग कुजल्या की बॅक्टेरिया ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. तिनं एक फुगीर देठ मोडला, आत स्पंजासारखं सगळं हवेनं भरलेलं, म्हणून तरंगतात होय! हेच पाणी पुढं नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला जातं, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. कॉलेजवाल्यांनी एक प्रॅक्टिकल घाटावर घ्यायला काय हरकत आहे? वास येतो म्हणा.
– एक पालक, नाशिकरोड