रॅले, बीएसए किलोच्या भावाने देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या अमळनेरात भंगारवाल्यांच्या हातगाड्या फिरायला लागतात आणि त्यावर एखादी तरी जुनी काळी सायकल आडवी पडलेली असतेच. यंदा तर चक्क इंग्लंडच्या नॉटिंगहॅमला बनलेली रॅले कंपनीची सायकल होती, आमच्याच गल्लीतून गेली, मी पोहोचेपर्यंत दांडा कापून झालेला. फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

लोकांचा पण दोष नाही, त्यांना माहितच नसतं की माळ्यावर नाहीतर गोठ्यात काय पडलंय. रंग उडालेला, गंज चढलेला, पुढचा बिल्ला कोणीतरी कधीच काढून नेलेला, मग ओळखणार कसं? तर चेनव्हील बघा, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, ज्यावर चेन फिरते. रॅले असेल तर बऱ्याचदा त्यात बगळ्याची डोकी असतात, रज कंपनीच्या सायकलीत हाताचा पंजा, हंबर कंपनीच्या सायकलीत माणसांच्या आकृत्या, बीएसएमध्ये तीन इंग्रजी अक्षरंच कापलेली. बीएसएच्या बिल्ल्यावर तीन बंदुका असतात कारण ती कंपनी 1861 साली बर्मिंगहॅमला निघाली तीच मुळात बंदुका बनवायला, सायकली नंतर आल्या. आणि मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, स्टर्मी आर्चर हे गिअर कंपनीचं नाव लिहिलेलं असेल आणि उजव्या बाजूच्या नटातून बारीक साखळी बाहेर आलेली असेल तर मग हात जोडून सांगतो, ती सायकल कोणालाच देऊ नका. तीन गिअर आहेत तिला, सगळे हबच्या पोटात. हब फडक्याने पुसा, बहुतेक वेळा त्यावर साल आणि महिन्याचा आकडा ठोकलेला सापडतो. मधला गिअर सरळ, खालचा चौथ्या हिश्शाने हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. चालवताना मधल्या आणि वरच्या गिअरला टिक टिक आवाज येतो, खालच्याला येत नाही, तो आवाज ऐकून हब खराब झाला समजून लोक उघडायला जातात, काही गरज नसते. हबला तेलाचं छोटं झाकण असतं, त्यातून पातळ मशीनचं तेल सोडा, ग्रीस भरू नका, बास. गिअर निसटत असेल तर मधल्या गिअरला टाकून नटाच्या भोकातून बघा, आतल्या सळईचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे, नसेल तर साखळी घट्ट-सैल करून आणायचं, पाच मिनिटाचं काम आहे.

स्वातंत्र्याच्या आधी या सायकली बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने भुसावळ, जळगावकडे यायच्या, नंतर आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासला टीआय कंपनी निघाली तेव्हा रॅले, हर्क्युलस, फिलिप्स हीच नावं आपल्या देशात बनायला लागली. त्यामुळे मेड इन इंग्लंड दिसलं नाही म्हणून तोंड वाकडं करू नये, सेन-रॅले पण भारी सायकल आहे. आमच्याकडे रेल्वेवाले, मास्तर, तलाठी, मिलमधले लोक यावरच फिरले, लग्नात जावयाला सायकल आणि घड्याळ मिळालं की गावभर चर्चा व्हायची.

लोक म्हणतात पार्ट कुठे मिळणार. अहो उलट आहे! मोठ्या काळ्या सायकलला, म्हणजे रोडस्टरला, टायर लागतं 28 बाय दीड, तेच माप आपल्या ॲटलसला, हीरोच्या काळ्या सायकलला, चोपडा-पारोळ्याच्या कुठल्याही जुन्या दुकानात विचारा. रॉड ब्रेकचे रबर, कॉटर (पायडलचा दांडा एक्सलवर पक्का धरणारी खीळ), तारा, छर्रे, सगळं मिळतं आणि स्वस्तात मिळतं, इंग्लंडमधल्या शौकिनांना हे सुख नाही. फक्त एक सांभाळा, नॉटिंगहॅमच्या रॅलेला पायडलच्या एक्सलच्या कपाला इंचात 26 आटे असतात, बाजारातल्या कपाला 24, जबरदस्तीने पिळून बसवला की दांड्याचे आटे कायमचे गेले. कॉटर काढताना पण खालून लोखंडी पाईपचा आधार द्या, तसाच हातोडा हाणला तर कपाला आणि छर्ऱ्यांना मार बसतो. आमचे म्हातारे मिस्तरी हे सगळं न सांगता करतात, हात लावून म्हणतात, "भाऊ, आसं लोखंड आते कोठे भेटस?" त्यांच्या हाताखाली आता पोरगं कोणी नाही, ही मला सायकलीपेक्षा जास्त काळजी.

ब्रुक्स कंपनीची चामड्याची सीट असेल तर आपल्या उन्हाने ती तडकते, 45 डिग्रीत सायकल बाहेर उभी करूच नका आणि सीटला खोबरेल चोपडू नका, चामडं लोंबतं.

आणि रंग. हॉटेलवाले या सायकली विकत घेतात, लाल-पिवळा ऑइलपेंट मारतात, पुढे कुंडी बांधून भिंतीला टांगतात. मला हे अजिबात पटत नाही, भंगारात गेली काय आणि भिंतीवर गेली काय, चालायची बंद झालीच ना. जुना काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा जेवढ्या उरल्या तेवढ्या राहू द्या. गंज रॉकेलच्या फडक्याने निघतो, फक्त रेघांवर आणि अक्षरांवर रॉकेल घासू नका, तिथे नुसता ओला फडका. मग हवा भरा, तेल द्या आणि बाजाराला घेऊन जा, माझी रोज जाते.

साहेब, एक विनंती. आपल्या पेपरने खान्देशातल्या वाचकांकडून अशा सायकलींचे फोटो मागवावेत, चेनव्हीलचा एक फोटो आणि सोबत सायकल कोणाची होती, कुठून घेतली एवढं दोन ओळीत. धुळे, नंदुरबार, रावेर, यावल, कुठे कुठे काय पडून आहे ते कळेल तरी, आणि दिवाळीच्या आत छापलंत तर यंदाच काही सायकली भंगारातून वाचतील.

आपला,
एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव