लेन्स मानवली नाही की ड्रॉप्स बंद केले?

संपादक महोदय,

आमच्या डिचोलीत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुणाचा डोळा जरा लाल झाला की अर्धा वाडा सांगायला हजर, आत बसवलेली लेन्स मानवली नाही म्हणून. माझ्या आईचं तेच झालं. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आधी ऑपरेशन, चार दिवसांत स्वच्छ दिसायला लागलं, मग माटोळी आणि नेवऱ्यांच्या गडबडीत बाईंनी ड्रॉप्स घालायचेच सोडले, आठवड्यात डोळा लालभडक, उजेड सहन होईना आणि शेजारची काकू म्हणते प्लास्टिक ते प्लास्टिकच, काढून टाका!

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लेन्स एकदम ठीक आहे, आत सूज आलीय ती ड्रॉप्स मध्येच बंद केल्यामुळे. मग मी जरा वाचलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे घुसायचे, त्या काचा म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक, आणि ते डोळ्यात राहूनही फारशी सूज येत नाही हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरच्या लक्षात आलं, त्याच प्लास्टिकची पहिली लेन्स त्याने १९४९ मध्ये बसवली. आज घडी घालून डोळ्यात बसवतात त्या बहुतेक लेन्स त्याच घराण्यातल्या. शरीराच्या पेशी लेन्सवर येऊन बसतात, नाही असं नाही, पण बहुतेकदा गप्प राहतात. खरी सूज येते ती ऑपरेशनच्या जखमेमुळे, म्हणून तर स्टिरॉइडचे ड्रॉप्स महिनाभर हळूहळू कमी करत न्यायचे असतात. (मनाने वाढवायचेही नाहीत, काहींचं डोळ्यातलं प्रेशर चढतं.)

दुखणं वाढलं, दिसायचं कमी झालं तर मात्र घरी बसू नका. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच तसं झालं तर कधी कधी हत्यारं धुताना राहिलेल्या साबणाचा अंश हेही कारण असतं, नंतरच्या दिवसांत झालं तर इन्फेक्शनची भीती जास्त, पण हे ओळखायचं काम डॉक्टरचं, वाड्याचं नव्हे.

माझी तक्रार एवढीच की हॉस्पिटलने दिलेलं कार्ड सगळं इंग्रजीत, त्यात कोपऱ्यात ‘टेपर’ (म्हणजे हळूहळू कमी करा) असं लिहिलेलं, आता सातवी शिकलेल्या बाईने त्यातून काय समजायचं? कुठला ड्रॉप किती वेळा, कधी कमी करायचा, एवढं मराठी-कोंकणीत लिहून द्यायला किती खर्च येतो?

आईने दुसरा डोळा यंदा मुद्दाम चवथ झाल्यावरच ठेवलाय. तोवर तसा कागद मिळायला लागला तर बरं.

– एक वाचक, डिचोली