पुस्तकं कपाटातून मुलांच्या मांडीवर येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर मी 19 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आमच्या लोखंडी कपाटात चित्रांची 22 पुस्तकं आहेत. पूर्वी एका तपासणीत फाटक्या पुस्तकावरून मला चारचौघांत बोलणी खावी लागली, तेव्हापासून मी कपाटाला कुलूप लावलं. पुस्तकं कोरी राहिली. ती माझी चूक होती, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात अडीच वर्षांचा एक मुलगा आईबरोबर घरी न्यायच्या पोषण आहाराचं पाकीट घ्यायला आला. घरात महिनाभराची बहीण, आणि हा दिसेल त्याला चावत सुटलेला. आई रडकुंडीला आली होती. "बाई, मारलं की अजूनच चावतंय, काय करू?" वजनकाट्यापाशी गर्दी होती. त्याला गुंतवायला म्हणून मी एक पुस्तक काढून दिलं. दोन-दोन पानं एकदम उलटत तो एका चित्रावर थांबला. गाय नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटतेय आणि थोरलं वासरू दावं ताणून लांबून बघतंय. मी विचारलं, "याला काय झालं रे?" आणि गप्प राहिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्या थोरल्या वासरावर बोट ठेवून म्हणाला, "आई नाय." हातातला बिस्किटाचा तुकडा त्यानं चित्रातल्या तोंडाशी दाबून धरला. आईनं तिथंच खाली बसून त्याला मांडीवर घेतलं. मी एवढंच म्हटलं, "रुसलंय गं ते."

चावणं काही एका दिवसात थांबलं नाही. पण पुढच्या महिन्यात आई सांगत होती, "आता कधी कधी चावायच्या आधी येऊन 'मी रुसलो' म्हणतो."

रुसणं, फुगणं, हिरमुसणं, भेदरणं, कावरंबावरं होणं, एवढे शब्द आपल्या बोलण्यात आहेत. दोन वर्षांच्या पोराच्या वाट्याला मात्र "रडू नको" आणि "बुवा येईल" एवढंच येतं. मुलगा असला तर "पोरीसारखा काय रडतोस" हेही. आपल्या पोटात जे होतंय त्याला नाव आहे, हे त्याला कळणार कसं?

यासाठी वाचता यावं लागतं असंही नाही. एक आजी शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण घार आणि कोंबडीच्या पिल्लाचं चित्र बघून त्या नातीला म्हणाल्या, "भ्यालंय बघ, पोटात गोळा आलाय त्याच्या," आणि नातीच्या पोटावर हात ठेवला. नातीनं तोच हात उचलून पिल्लावर ठेवला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 1975 साली आमच्या अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्यात पूर्वशालेय शिक्षण आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून धाकट्यांशी आमचा संबंध वजन, लसीकरण आणि पाकिटापुरता राहिला. 2024 साली केंद्रानं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला, त्यात मुलांशी खेळण्या-बोलण्यावर भर आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आता सरकारला एवढीच विनंती. दर महिन्याच्या पाकिटाबरोबर जाड पुठ्ठ्याचं एक चित्रांचं पुस्तक घरी जाऊ द्या आणि पुढच्या महिन्यात बदलून द्या. या वयाची मुलं पुस्तक चघळणार, फाडणारच. तसं पुस्तक नोंदवहीत 'खराब' नव्हे, 'वापरलेलं' म्हणून लिहायची आम्हाला मुभा हवी.

वासराचं पुस्तक आतापर्यंत चार घरी जाऊन आलं. परवा चिकटपट्टी लावून पाचव्या घरी दिलं. बिस्किटाचा तेलकट डाग पानावर तसाच आहे.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका, ता. अकोले